पासवर्ड बरोबर असूनही विंडोजची सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) १०६९ एरर देते. काय करावं?

सर्व्हिस ज्या खात्याने चालवायची त्याच खात्याने तुमचं लॉगिन होतं, पण सर्व्हिस सुरू करायला गेलं की १०६९, 'लॉगऑन फेल्युअर'. आधी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून बघणं थांबवा. खातं लॉक झालं तर एकाच्या दोन भानगडी होतील.

१०६९ वरून कारण कळत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिम लॉगमध्ये 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'ची त्याच वेळेची नोंद बघा. ७०३८ असेल तर तिच्या मजकुरातच कारण असतं: पासवर्ड चुकलाय, मुदत संपलीय की खातं लॉक आहे. ७०४१ असेल तर पासवर्डला दोष देऊ नका. त्या खात्याला 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा अधिकारच नाहीये. स्क्रीनसमोर बसून लॉगिन करण्याचा अधिकार वेगळा, हा वेगळा.

या ७०४१ ने मला चांगलंच फिरवलंय. मी स्क्रिप्टमधून 'एससी कॉन्फिग' या कमांडने सर्व्हिसचं खातं बदललं, १०६९ आली. सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन तोच पासवर्ड टाकला आणि सर्व्हिस सुरू! वाटलं, टायपिंगची चूक असणार. काही दिवसांनी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि पुन्हा तेच. झालं होतं असं, की ती खिडकी खात्याला हा अधिकार स्वतःच देऊन टाकते; 'एससी' देत नाही. आणि खिडकीने दिलेला अधिकार डोमेनच्या (म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशीन एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) ग्रुप पॉलिसीने, म्हणजे तिथून सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या नियमांनी, पुसून टाकला, कारण तिथे या अधिकाराची स्वतःची यादी होती. चालू सर्व्हिसला याचा पत्ता लागत नाही. लॉगिन फक्त सुरू होताना होतं.

तुमच्याकडेही असंच आहे का ते लोकल सिक्युरिटी पॉलिसीत 'युजर राइट्स असाइनमेंट'खाली दिसेल. तिथे नाव जोडायचं बटण फिकट असेल, तर यादी वरून येतेय. मग खात्याचं नाव डोमेन ॲडमिनकडून त्या पॉलिसीतच घालून घ्या. बटण फिकट नसेल तर तिथेच जोडा.

७०३८ निघाली आणि तुम्ही रोज पिनने लॉगिन करत असाल, तर तो पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. (मीही एकदा पिनच टाकत बसलो होतो.) खातं त्याच मशीनवरचं असेल तर नावाआधी टिंब आणि बॅकस्लॅश द्या.

डोमेन असेल आणि विंडोज सर्व्हर २०१२ किंवा पुढचं, तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे सर्व्हिससाठीच असलेल्या खास खात्याचा, विचार करा. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतःच बदलत राहतं, ठरलेली मुदत ३० दिवसांची. सर्व्हिसचा अधिकार मात्र त्यालाही लागतोच.