दीड वर्षाचं मूल काहीच खात नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अठरा महिन्यांचा आहे, दोन घास घेतले की तोंड फिरवतो, मोबाइलवर गाणी लावली तरच तिसरा घास आत जातो, आणि सासूबाई म्हणतात, "जाऊ दे, दुधावर तरी राहील." वाचून हसूच आलं. मागच्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या घरात शब्दाला शब्द हेच चालू होतं. फरक इतकाच की आमची मुलगी, आणि तुमच्या सासूबाईंच्या जागी माझी आई.

मी डॉक्टर नाही. बायको सकाळी लोकल गाठते, माझं काम घरून, म्हणून दुपारचं भरवणं माझ्या वाट्याला आलं. वाटी-चमचा घेऊन आधी गॅलरी (कबुतरं दाखवायला), मग जिना, मग खाली गेटवर वॉचमनकाकांपाशी. एका वाटी वरणभाताला एकदा मी घड्याळ लावलं होतं: एक तास दहा मिनिटं. शेवटचे घास गार होऊन चिकटलेले. ते ती गिळायचीच नाही, गालात धरून ठेवायची. दुपारी झोपवायला घेतली की उशीवर भाताचा गोळा. आईच्या मते नजर लागली होती. मीठ-मोहरी ओवाळून झाली, मोहरी तडतडली, भात गालातच.

उलगडा झाला तो दीड वर्षाच्या बूस्टर लशीला गेलो तेव्हा. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, ९ किलो ४०० ग्रॅम. वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडला आणि आधीचे ठिपके जोडले. रेघ मधल्या रेघेच्या जरा खाली होती, पण तिला धरून वर चालली होती. "हिला काय झालंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही खात नाही." त्या म्हणाल्या, "हवेवर वाढतेय का मग?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. तुमचा मुलगा आहे, तर मुलग्यांचेच आकडे देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात (हा २००६ साली आला) मुलग्याचं मधलं वजन जन्माला ३.३ किलो, वर्षाला ९.६ आणि दोन वर्षांना १२.२. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंहून जास्त वाढ आणि दुसऱ्या वर्षात फक्त २.६ किलो. वाढीचा वेग इतका उतरल्यावर भूक उतरणारच. आपण मात्र दहाव्या महिन्यात वाटीभर खिचडी चाटूनपुसून खाणारं पोर डोक्यात ठेवून त्याच्या मागे धावत असतो.

हे ऐकून मी निश्चिंत झालो, आणि तेवढ्यात दुसरा प्रश्न आला: "दूध किती?" म्हटलं, तीनदा, आणि रात्री एकदा. "किती मिली ते सांगा." ते काही मला सांगता येईना. घरी येऊन बाटली पाहिली, २४० मिलीची. चार बाटल्या म्हणजे ९६० मिली. साडेनऊ किलोच्या जिवाच्या पोटात रोज जवळजवळ लिटरभर दूध! माझं वजन सत्तर किलो, त्या हिशेबाने मी दिवसाला सात लिटर पीत बसलो असतो. वर कुणी भाकरी दाखवली असती तर मीही तोंड फिरवलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली हद्द होती दिवसाला ५०० मिलीच्या आत, तेही जेवणाच्या तोंडावर नाही आणि बाटलीतून नाही. दुधात लोह जवळपास नसतंच. दुधावरच पोट भरत राहिलं तर रक्त कमी पडतं, आणि रक्त कमी पडलं की भूक आणखी मरते. जोडीला बद्धकोष्ठता. आमच्याकडे तीही होती, पण तिचा दुधाशी संबंध लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

खरी लढाई पोरीशी नव्हतीच, आईशी होती. "पोरीचं दूध तोडतोस?" म्हणून दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "आई, आम्हाला लहानपणी किती दूध होतं गं?" ती म्हणाली, "कसलं दूध! चहापुरतं यायचं. तुम्ही खिमटावर वाढलात." आणि बोलता बोलता गप्प झाली. दुपारी तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरड काढून, जिरं घालून तिने खिमट रटरटत ठेवलं. वर तूप. घरभर वास. तुमच्या सासूबाईंना "डॉक्टर नको म्हणतात" असं सांगायला जाऊ नका. "तुम्ही आमच्या ह्यांना काय घालत होतात?" असं विचारा. उत्तरात दूध फारसं निघणार नाही.

रात्रीची बाटली सोडवायला चार रात्री गेल्या. रडारड झाली, शेजारच्या काकू विचारायला आल्या. मोबाइलला आठवडा लागला. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, पण मला पटलं ते वेगळ्या कारणाने: गाण्यात गुंगलेलं पोर तोंड उघडतं ते भुकेने नव्हे, सवयीने. पोट भरलंय हे त्याला कळतच नाही. (नखं कापताना आम्ही अजून मोबाइल लावतो. सगळंच जमत नाही.)

आता जेवण खाली बसून होतं. पेपर पसरायचा, तिची स्टीलची ताटली, माझं ताट शेजारी. पहिल्या दिवशी तिने भाताचं एकेक शीत चिमटीत धरून पाहिलं, दोन खाल्ली, बाकीची स्वतःच्या मांडीवर ओळीने चिकटवली. मी काही बोललो नाही, हेच अवघड होतं. मग तिचा हात माझ्या ताटात आला. लिंबाच्या लोणच्याची फोड उचलून चाटली, डोळे गच्च मिटले, अंगभर शहारली आणि पुन्हा हात पुढे केला. तेव्हा कळलं, हिला वेगळं, फिकं, मऊ नको होतं. आमच्या ताटातलं हवं होतं. तेव्हापासून आमटीला तिखट घालायच्या आधी तिची वाटी काढून ठेवतो. भाकरीचा पापुद्रा आमटीत बुडवून देतो. थालीपीठ, धिरडं, घावन, हातात धरता येईल ते तिला जास्त आवडतं.

काय वाढायचं आणि कधी, हे आपण ठरवायचं. किती खायचं ते पोराने. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची, रागावून नाही, नुसती उचलायची. दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटं बंद. आमच्याकडे ती वॉचमनकाकांपासून सगळेच द्यायचे, त्यांना सांगावं लागलं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र इतक्यात देऊ नका, घशात अडकतात. दाण्याचं कूट चालतं, द्राक्ष उभं चिरून.

दोन-तीन महिने वजन तिथेच असेल किंवा उतरत असेल, गिळताना रोज ठसका लागत असेल, चेहरा पांढुरका दिसत असेल, किंवा तो माती अथवा भिंतीचा चुना खात असेल, तर इथली उत्तरं वाचत बसू नका, सरळ दाखवा. आशाताई सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. आम्हाला ते माहीतच नव्हतं. डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आमची आता सव्वादोन वर्षांची आहे. काल तिने दोन धिरडी खाल्ली, आज सकाळपासून फक्त काकडी आणि माझ्या वडिलांच्या चहात बुडवलेला खारीचा एक तुकडा. आई मधूनमधून माझ्याकडे बघते. मी घड्याळाकडे बघत नाही.

तुम्ही आज एकच करा. दिवसभरात दूध किती मिली जातं ते मोजा, अंदाजाने नको, मापाने. आकडा खाली लिहिलात तर पुढचं बोलू.