घास बाळाच्याच हाती

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण केले आणि त्यानंतर नाचणीचे सत्त्व, मुगाच्या डाळीची पेज, मिक्सरमधून काढलेला भोपळा आणि गाजर असे सगळे देऊन पाहिले. चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटते, मान फिरवते आणि एखादा चमचा तोंडात गेलाच तर फुर्र करून सगळे उडवते. मात्र आम्ही जेवायला बसलो की बाबांच्या ताटातली भाकरी ओढून चोखत बसते. वजन व्यवस्थित असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. सासूबाईंच्या मते दात आल्याशिवाय बाळाच्या हातात तुकडा देणे धोक्याचे आहे. पुढच्या महिन्यात मला कामावर रुजू व्हायचे आहे. हाताने खाण्याचे पदार्थ आताच सुरू करावेत का? कोणते द्यावेत? घशात अडकले तर काय करावे? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : अवश्य सुरू करावेत. आपल्या मुलीला अन्न नको आहे असे पत्रावरून मुळीच वाटत नाही. तिला चमचा नको आहे आणि दुसऱ्याने भरवलेले नको आहे. जी मुलगी भाकरी ओढून घेते, तिला भूकही आहे आणि कुतूहलही आहे. ती थोड्याशा आधाराने ताठ बसते का, मान सावरते का, हातातली वस्तू नेमकी तोंडाकडे नेते का आणि तोंडात गेलेले जिभेने लगेच बाहेर ढकलण्याची सवय कमी झाली आहे का, एवढे पाहून घ्यावे. बहुतेक बाळे आठ महिन्यांची होईपर्यंत हातात धरून खाऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यामुळे आपण घाई करत आहात असे नाही. आधी महिनाभर पेस्ट, मग घट्ट, मग तुकडे अशा पायऱ्या प्रत्येक बाळाने चढल्याच पाहिजेत, हा आग्रह मिक्सर घरोघरी आल्यानंतरचा असावा, असे मला नेहमी वाटते.

प्रमाणाची चिंता तूर्त बाजूला ठेवावी. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 कॅलरी पुरतात. दिवसातून दोन-तीन वेळा, सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे आणि हळूहळू अर्धी वाटी, एवढाच त्याचा हिशोब आहे. बाकीचे पोषण दुधातूनच होते. पहिले काही दिवस ती खाईल कमी आणि चुरगाळेल जास्त, हे गृहीत धरावे.

सासूबाईंच्या शंकेचे दोन भाग आहेत. दातांचा मुद्दा टिकणारा नाही, कारण पुढचे दात केवळ तोडतात. चावणाऱ्या दाढा पहिल्या वाढदिवसानंतर येतात आणि तोपर्यंत थांबायचे ठरवले तर सव्वा-दीड वर्ष पेजेवरच काढावे लागेल. बाळ हिरड्यांनी चावते आणि मऊ शिजलेल्या पदार्थाला हिरड्या पुरेशा होतात. अडकण्याची त्यांची भीती मात्र पूर्णपणे रास्त आहे आणि तिचे उत्तर पदार्थ निवडण्यात व शिजवण्यात आहे. त्यासाठी सोपी परीक्षा अशी की, तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलकेच दाबला असता त्याचा लगदा झाला पाहिजे. दाबून तो निसटत असेल, तुटत असेल किंवा नुसता चपटा होत असेल, तर तो पुन्हा शिजवावा. ही परीक्षा घेण्याचे काम सासूबाईंकडेच सोपवावे, असे मी सुचवेन. ज्यांना भीती वाटते त्यांच्याच बोटांखालून तुकडा गेला, तर घरातला वाद निम्मा मिटतो आणि बाळाच्या ताटात कडक काहीही पडत नाही.

आता आकाराविषयी. या वयात बाळ वस्तू संपूर्ण मुठीत पकडते आणि मूठ आपणहून उघडणे त्याला नीट जमत नाही, म्हणून तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब असावा, म्हणजे अर्धा मुठीत राहतो आणि अर्धा वर येतो. अंगठा व तर्जनीची चिमूट नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास जमू लागते. वाटाण्याएवढे छोटे तुकडे तेव्हा द्यावेत. उकडलेले रताळे, वाफवलेला लाल भोपळा, दुधी, नरम शिजलेले गाजर आणि पिकलेली पपई यांपासून सुरुवात करणे सोपे जाते. केळे हातातून निसटते, म्हणून साल धुऊन घेऊन खालच्या अर्ध्या भागावर तशीच ठेवावी किंवा सोललेली लांब फोड भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवावी. तिला चांगली पकड येते. इडलीच्या लांब फोडी उत्तम, परंतु कोरडी इडली तोंडात गोळा होऊन टाळूला चिकटते, तेव्हा ती गोड्या वरणात बुडवूनच द्यावी. भाकरी-पोळीचेही तसेच आहे. बाबांच्या ताटातली भाकरी तिला आवडते तर तीच द्यावी, मात्र पापुद्रा आणि करपलेली कड काढून, आतला मऊ भाग वरणात चांगला भिजवून.

माझ्या मते या सर्वांत गुणाचा पदार्थ म्हणजे मुगाचे धिरडे. भिजवलेले मूग, मूठभर पालक आणि चिमूटभर जिरे एकत्र वाटून जरा पातळसर पीठ करावे, मीठ-मिरची घालू नये, मंद आचेवर झाकण ठेवून कुरकुरीत होऊ न देता शिजवावे, तूप लावावे आणि कोमट झाल्यावर दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. पट्टी मुठीत नीट बसते, लाळेने लगेच विरघळू लागते, आणि उरलेल्या पिठात तिखट-मीठ घातले की घरातल्या सर्वांचा नाश्ता होतो.

धिरड्याचा एवढा आग्रह धरण्यामागे लोहाचे कारण आहे. हाताने खाणाऱ्या बाळांच्या ताटात फळे आणि कंदच जास्त येतात, कारण ते कापायला सोपे असतात; त्यांत लोह अगदीच कमी असते. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधातले लोह पुढे पुरत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा रोज एकदा तरी डाळ, कडधान्य, अंडे, मासा किंवा चिकन यांपैकी काही तिच्या हातात गेलेच पाहिजे. पूर्ण शिजलेल्या ऑम्लेटची पट्टी, वाफवलेल्या पापलेटचा काटे बोटांनी दोनदा चाचपून काढलेला मांसल भाग, नरम शिजलेल्या चिकनच्या खिम्याचा मऊ मुटका, शाकाहारी घरात मसूर घालून केलेल्या गुरगुट्या भाताचे ओलसर गोळे, असे पर्याय आहेत. वरणावर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांमधले लोह अधिक शोषले जाते. सरकारी कार्यक्रमानुसार सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोहाचे औषध दिले जाते. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे त्याची चौकशी करावी आणि आपल्या डॉक्टरांना विचारून ते सुरू करावे. चहात किंवा दुधात बुडवलेले बिस्किट मात्र हाताने खाण्याच्या नावाखाली घरात शिरू देऊ नये. ते मऊ असते हाच त्याचा एकमेव गुण आहे. त्यात साखर व मैदा भरपूर असतो, आणि चहामुळे लोहाचे शोषणही घटते.

एकदा एकच नवा पदार्थ, विशेषतः अंडे, मासा किंवा शेंगदाण्याचे कूट, सकाळच्या वेळी आणि अगदी थोडा द्यावा, म्हणजे अंगावर गांधी उठणे किंवा उलट्या असा त्रास झालाच तर कारण कळते आणि दवाखानाही उघडा असतो.

अडकण्याबाबत दोन गोष्टींमधला फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा. लहान बाळांची उमाळ्याची, म्हणजे ओकारीसारखी भावना होण्याची, जागा मोठ्यांपेक्षा जिभेवर बरीच पुढे असते, त्यामुळे तुकडा जरा मागे सरकला की बाळाला उमाळा येतो, ते खोकते, त्याचे डोळे पाणावतात, चेहरा लाल होतो आणि तुकडा पुढे येतो. यात आवाज असतो. अशा वेळी हात धरून बसावे, तोंडात बोट घालू नये, पाणी पाजू नये आणि आरडाओरडा करू नये. श्वासनलिका खरोखर बंद झाली, तर बाळ गप्प होते, त्याला रडता किंवा खोकता येत नाही आणि ओठ निळसर पडू लागतात. तेव्हा क्षणाचाही विलंब न करता बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, जबड्याला आधार देऊन डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा माराव्यात. तुकडा निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा, आणि तुकडा निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहावे. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने 108 क्रमांकावर फोन करावा. बाळ निपचित पडले तर लगेच कृत्रिम श्वास व छातीदाब सुरू करावे लागतात. हे वाचून येत नाही; आपण आणि सासूबाई दोघींनी लवकरच डॉक्टरांकडून बाहुलीवर करून पाहावे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, पण तोपर्यंत थांबू नये.

काही पदार्थ मऊपणाच्या परीक्षेपर्यंतही नेऊ नयेत: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, चिक्की, लाह्या, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर आणि कच्चे सफरचंद. शेंगदाणे द्यायचे तर बारीक कूट वरणात किंवा पेजेत पूर्ण मिसळून द्यावे. मीठ आणि साखर वर्षभर नको.

खाऊ घालताना बाळ ताठ बसलेले असावे. उंच खुर्ची नसली तरी चालते, वन-बीएचकेच्या स्वयंपाकघरात ती मावायची कुठे, हाही प्रश्न असतोच. आपल्या मांडीवर ताटाकडे तोंड करून बसवले तरी पुरते. फिरवताना, गाडीत, आडवे असताना किंवा मोबाइल दाखवत खाऊ देऊ नये आणि तिच्या तोंडात घास असताना कोणीही उठून जाऊ नये. खाली धुतलेली जुनी चादर पसरावी. वर्तमानपत्र नको, कारण पडलेला तुकडा ती उचलून खाणारच आणि त्याला शाई लागलेली असणार. पिण्याचे पाणी उकळून गार केलेले असावे, कारण नळाला स्वच्छ पाणी आले तरी सोसायटीच्या टाकीची खात्री देता येत नाही.

कामावर जाण्याआधी उरलेल्या दिवसांत दुपारचे खाणे सासूबाईंच्या हातून आणि आपण केवळ शेजारी बसून, असे सुरू करावे. चमचाही पूर्णपणे सोडू नये. घट्ट नाचणी किंवा दहीभात चमच्यात भरून तो तिच्याच हातात द्यावा. आपणच चमचा तोंडात घालायचा, या अटीवर अनेक बाळे तो मान्य करतात. तिने मान फिरवली की जेवण संपले असे समजावे.

पातळ पदार्थ पितानाही दरवेळी ठसका लागत असेल, वजन वाढणे थांबले असेल किंवा दहावा महिना आला तरी ती कोणताच घन पदार्थ तोंडात घेत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. तो पेस्ट आनंदाने खातो, पण खिचडीत एक शीत लागले तरी उमाळे काढतो. कासारवडवलीच्या ज्या पाळणाघरात तो जातो तिथल्या ताई मिक्सरमधून काढलेलेच पाठवा म्हणतात. काय करावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मिक्सर बंद करावा. दहा महिन्यांनंतरही गुठळीचे अन्न सुरू झाले नाही तर पुढे खाण्याच्या तक्रारी वाढण्याची शक्यता असते. एकदम मोकळी खिचडी देऊ नये; आधी रवीने घोटलेली, मग डावाने चेचलेली, मग बोटांनी कुस्करलेली असे दोन-तीन आठवड्यांत पुढे सरकावे. पातळ पेस्टमध्ये मधूनच शीत येणे बाळांना सर्वांत जास्त खटकते, म्हणून संपूर्ण घास एकसारखा जाडसर असू द्यावा. जेवणापूर्वी उकडलेल्या रताळ्याची एक फोड त्याच्या हातात द्यावी. पाळणाघरातल्या ताईंची अडचण बहुधा वेळेची आणि जबाबदारीची असते. एकीला चार मुले सांभाळायची असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना डब्यात घोटलेली खिचडी द्यावी आणि तुकड्यांचा सराव सकाळी व रात्री घरी करावा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासमोर त्याला खाऊ घालून दाखवले, तर त्याही तयार होतील.

प्रश्न : नेरूळला आमच्या घरी नऊ महिन्यांच्या नातीला पोळीला मध लावून द्यावा असे मला वाटते, सून नको म्हणते. आमच्या मुलांना आम्ही मध चाटवलाच होता. – एक आजी

उत्तर : आजी, या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे. मधात बॉटुलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, ज्याने स्नायू लुळे पडतात. हा आजार विरळ असल्यामुळे आपल्या मुलांना काही झाले नाही, हे खरे आहे. मध गरम केल्याने किंवा पोळीबरोबर शिजवल्याने हे बीजाणू मरत नाहीत. नातीचा पहिला वाढदिवस होईपर्यंत पोळीला साजूक तूप आणि कुस्करलेले पिकले केळे लावून, नरम पट्ट्या कापून द्याव्यात.