किलोमीटर कमी, वर्षे जास्त: जपानी मोटारींविषयी वाचकांचे प्रश्न

होंडा, टोयोटा आणि सुझुकीच्या दहा-पंधरा वर्षे वापरात असलेल्या गाड्यांविषयी बरीच पत्रे साठली होती. बहुतेकांचा सूर एकच आहे: या गाड्या बिघडत नाहीत असे ऐकून घेतल्या, मग खर्च का निघतो? त्यांतील पाच पत्रे थोडी आवरती घेऊन येथे देत आहोत.

प्रश्न: माझी होंडा सिटी २०११ सालची, पेट्रोलची आहे. निवृत्तीनंतर ती पार्ल्याहून दादरपर्यंत आणि अधूनमधून बोरिवलीला मुलीकडे, एवढीच फिरते. मीटरवर ४८ हजार किलोमीटर झाले आहेत. यंदा सर्व्हिसिंगच्या वेळी कूलंट, ब्रेक ऑइल, फॅन बेल्ट आणि टायर बदला, शिवाय टॅपेट तपासून घ्या, असे सांगण्यात आले. जपानी गाडी, तीही इतकी कमी चाललेली. तरीही हा खर्च आवश्यक आहे, की वय पाहून मला गंडवत आहेत?
– निवृत्त शिक्षक, विलेपार्ले

उत्तर: गंडवले जाण्याची शक्यता कधीच नाकारता येत नाही, पण आपण दिलेल्या यादीत मला संशयास्पद असे काही दिसत नाही. जपानी गाड्यांचा लौकिक खरा आहे; मात्र तो इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या मूळ घडणीचा आहे, त्यांत भरलेल्या तेलाचा किंवा भोवतीच्या रबराचा नव्हे. म्हणूनच मॅन्युअलमधील तक्त्यात किलोमीटर आणि महिने असे दोन रकाने असतात आणि त्यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे असते. आपल्यासारख्या वापरात महिनेच आधी भरतात.

ब्रेक ऑइलचेच घ्या. हे द्रव हवेतील बाष्प शोषून घेते आणि मुंबईच्या हवेत बाष्पाला तोटा नाही. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. दादरच्या रहदारीत याचा पत्ताही लागत नाही. पण भरलेली गाडी खंडाळ्याचा घाट उतरत असताना ब्रेक तापले, तर ऑइलमधील पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. त्यामुळे गाडी किती का चालेना, दोन ते तीन वर्षांनी ब्रेक ऑइल बदललेच पाहिजे.

कूलंटही असेच वयाने थकते. त्यातील गंजरोधक द्रव्ये संपली की ॲल्युमिनियमचे रेडिएटर आणि वॉटर पंप आतून खराब होऊ लागतात. होंडाचे कूलंट निळे आणि टोयोटाचे अलीकडचे गुलाबी असते, पण रंग जुळला म्हणजे रसायन जुळले असे होत नाही. डब्यावर कंपनीने सांगितलेली प्रत आहे का, ते वाचून घ्यावे. वॉचमनने कौतुकाने नळाचे पाणी ओतले असेल, तर सगळे कूलंट काढून नवे भरणे उत्तम.

इंजिन ऑइलच्या बाबतीत मीटर सर्वांत जास्त फसवतो. ताशी सरासरी ६० किलोमीटरने महामार्गावर १० हजार किलोमीटर कापायला इंजिन सुमारे १६७ तास चालते. तेच अंतर एस. व्ही. रोडवर सरासरी १५ च्या वेगाने कापले, तर सुमारे ६६७ तास चालते. मीटरवर आकडा एकच, श्रम चौपट. त्यात जवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरेसे तापत नाही आणि ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल व पाणी उडून जात नाही. तीन हजार किलोमीटरच झाले असले तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावेत.

टॅपेटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथे अनुभवी मेस्त्रीही चालढकल करतात. टॅपेट जुळवणे म्हणजे वॉल्वची, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या (इंटेक) आणि धूर बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) झडपांची, फट जुळवणे. आपल्या इंजिनात ती स्क्रूने जुळवावी लागते. इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणजे गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवावी लागते. सकाळी नेऊन तासाभरात करून घेतलेल्या कामाला अर्थ नाही. इंटेक वॉल्वला ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३० मिलिमीटर फट असावी. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापकाची, पट्टी त्यातून किंचित ओढ देत सरकली पाहिजे. फट वाढली तर टिकटिक ऐकू येते आणि मालक धावत येतो. फट कमी झाली तर इंजिन उलट शांत होते, वॉल्व पुरता मिटत नाही आणि हळूहळू जळतो. म्हणून आवाज नाही एवढ्यावरून टॅपेट ठीक आहेत असे समजू नये. ज्यांनी नंतर सीएनजी किट बसवले आहे, त्यांनी ही तपासणी अधिक लवकर करावी, कारण कोरड्या वायूवर वॉल्वची बैठक लवकर झिजते.

टायरच्या कडेवर कोरलेले शेवटचे चार अंक पाहा: २३१८ असेल, तर तो २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील, तर नक्षी कितीही खोल दिसो, ते बदला. फॅन बेल्टही पहिलाच असेल, तर त्याचीही रजा मंजूर करा. मात्र कोणी टायमिंग बेल्ट (वॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) बदलण्याचे पैसे सांगितले, तर तेथून गाडी बाहेर काढा. या इंजिनात तो बेल्ट नाही, चेन आहे. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग आणि तळाला तिसऱ्यांदा कोटिंग यांनाही निःसंकोच नकार द्यावा.

प्रश्न: आमच्या २०१३ च्या इनोव्हामध्ये टायमिंग बेल्टचा दिवा लागला होता. चालकाने तो कोणाकडून तरी घालवून आणला. टोयोटाचे इंजिन पाच लाख किलोमीटर जाते, काळजी नको, असे तो म्हणतो.
– गृहिणी, ठाणे

उत्तर: इंजिन जाईल, बेल्ट जाणार नाही. २०१६ मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेल इंजिनात चेन आहे. आपल्या जुन्या २.५ लिटरच्या इंजिनात रबरी बेल्ट आहे. तो तुटला की वॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ सुटतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या बेल्टच्या कितीतरी पट होतो. दिवा घालवणे म्हणजे फक्त मोजणी शून्यावर आणणे. बेल्ट प्रत्यक्ष बदलल्याचे बिल हाती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरा आणि लांबच्या प्रवासाआधी तो ताणून धरणाऱ्या टेन्शनर व आयडलर पुलीसह नवा बसवून घ्या.

प्रश्न: माझ्या २००९ च्या कोरोला अल्टिसला पुढच्या चाकांकडून खडखड येते. लोअर आर्म, लिंक रॉड आणि शॉकअप्सर बदलण्यासाठी अधिकृत केंद्राने मोठा आकडा सांगितला. आमचे मेस्त्री म्हणतात, कंपनीचा माल कशाला, कुर्ल्याहून निम्म्या किमतीत आणतो. काय करावे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: कंपनीचे खोके आणि कुर्ल्याची गोणी यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे, आणि जपानी गाड्यांच्या बाबतीत तो विशेष सोयीचा आहे. वाहन कंपनी आपल्या खोक्यात जे पार्ट विकते, त्यांतील पुष्कळसे ती स्वतः बनवत नाही. स्पार्क प्लग डेन्सो किंवा एनजीकेचे, क्लच आयसिन किंवा एक्सेडीचा, शॉकअप्सर बहुधा केवायबीचे असतात. डेन्सो तर १९४९ मध्ये टोयोटापासूनच वेगळी झालेली कंपनी आहे. हेच पार्ट त्या उत्पादकांच्या स्वतःच्या खोक्यात पुष्कळदा स्वस्त मिळतात.

अट एकच, पार्ट नंबर हातात हवा. तो आरसी पुस्तकावरील चॅसिस नंबरावरून काढता येतो. गाडीचे नाव आणि साल सांगून मागितलेला पार्ट निम्म्या वेळा परत करावा लागतो. टोयोटाचा नंबर बहुधा पाच-पाच अंकांच्या दोन गटांत असतो आणि होंडाचा पाच-तीन-तीन असा. पहिले पाच अंक पार्टचा प्रकार सांगतात: होंडात १५४०० म्हणजे ऑइल फिल्टर, टोयोटात ९०९१५ म्हणजे ऑइल फिल्टर. नंबर सांगून भाव विचारला की काउंटरवरच्या माणसाची भाषाही बदलते. जीएसटीचे छापील बिल देणार नसतील, तर माल कितीही अस्सल दिसला तरी घेऊ नये. नकली मालाचा सुळसुळाट फिल्टर आणि प्लग यांतच अधिक आहे. अस्सल इरिडियम प्लगचे मधले टोक सुईसारखे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. नकलीत ते जाड आणि वाकडे जोडलेले दिसते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. दाराची मूठ, आरसा, हेडलाइट, बंपर यांसाठी तेथे जरूर जावे. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि एअरबॅग यांतील काहीही जुने घेऊ नये, आणि आपले काम नेमके सस्पेन्शनचे आहे.

आणखी एक गोष्ट बसवतानाच बघायची आहे. लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातील रबरी तुकड्याचे) बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचा भार चाकांवर असताना. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच ते आवळले, तर गाडी खाली उतरताच बुशचे रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. मग कंपनीचा महागडा आर्मही वर्षभरात पुन्हा खडखडू लागतो. दोष पार्टला दिला जातो, आणि मेस्त्री तोच पार्ट दुसऱ्यांदा बसवून मजुरी घेतो. आपण शेजारी उभे राहून हे एकच काम करवून घेतलेत, तरी पुष्कळ झाले. त्यानंतर व्हील अलाइनमेंट मात्र चुकवू नका.

प्रश्न: पावसात हिंदमाताजवळ आमची सुझुकी बलेनो गुडघाभर पाण्यात बंद पडली. लोकांनी ढकलून बाजूला काढली. अजून सुरू केलेली नाही. विमा कंपनी इंजिनाचे नुकसान देणार नाही म्हणते.
– नोकरदार वाचक, परळ

उत्तर: सुरू केलेली नाही, हे फार चांगले केलेत. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असताना सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी विमा पॉलिसी बहुधा हेच नुकसान नाकारते, कारण ते पाण्याने नव्हे तर नंतर इंजिन फिरवल्याने झाले असा तिचा युक्तिवाद असतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच पॉलिसी घेतानाच जोडावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हापासून तरी मुंबईकराला या कवचाचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये.

आता बॅटरीची तार काढा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी पाहिल्यावर प्रथम एअर फिल्टर उघडायला सांगा. तो कोरडा असेल, तर बहुधा वायरिंगच भिजले आहे. ओला असेल, तर सर्व स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, पाणी बाहेर येऊ द्यावे आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासावे. इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्हींचे तेल पाहावे. दुधाळ झाले असेल, तर ते एकदा बदलून भागत नाही, थोडे चालवून पुन्हा बदलावे लागते. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काहीही उघडू देऊ नका.

प्रश्न: मी तीन महिन्यांपूर्वी २०१० ची होंडा सिटी जुनी विकत घेतली. शेजारी म्हणतात, हिच्या एअरबॅगचा रिकॉल (दोष काढण्यासाठी कंपनीचे बोलावणे) होता. इतक्या जुन्या गाडीसाठी आता कोण विचारतो? आणि पहिला मालक मी नाही.
– तरुण वाचक, चेंबूर

उत्तर: शेजाऱ्यांचे ऐका. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. दमट हवा आणि उष्णता यांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याने ते खराब होते, आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे कवच फुटून तुकडे चालकाच्या अंगावर येऊ शकतात. जगभरात यामुळे मृत्यू झाले आहेत. टकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडाच्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड, सीआर-व्ही आणि टोयोटाच्या कोरोला अल्टिस यांतील काही गाड्यांचा रिकॉल झाला. दोषाचे कारणच दमटपणा असल्यामुळे, मुंबईत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची ही तपासणी मी कोणत्याही सर्व्हिसिंगच्या आधी करीन.

आरसीवरील सतरा अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर होंडाच्या संकेतस्थळावरील रिकॉलच्या पानावर टाका. काम बाकी असेल तर तसे दिसेल. ते अधिकृत केंद्रात विनामूल्य होते. रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नव्हे, त्यामुळे आपण कितवे मालक आहात किंवा सर्व्हिसिंग बाहेर केले आहे का, याचा काही संबंध नाही. चालकाच्या आणि शेजारच्या आसनाचे रिकॉल वेगवेगळ्या वेळी झालेले असू शकतात. पूर्वीच्या मालकाने एक करून घेतले असले, तरी दुसरे राहिले आहे का, हे केंद्रातून लेखी घ्या.