वाचकांचे प्रश्न: ब्रेक सुटत नाही तेव्हा

प्रश्न: पावसाळ्यात दोन महिने गाडी अंगणात उभी होती. चतुर्थीला बाहेर काढली तर पुढचे डावे चाक तापते आणि गाडी ओढून धरल्यासारखी चालते. गॅरेजमध्ये पूर्ण कॅलिपर बदला म्हणतात. घरी नव्या सीलचे किट घालून भागेल का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: भागेल, पण दोष कॅलिपरचाच, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचाच आहे ना, ते आधी बघा. उभ्या गाडीच्या डिस्कवर चढलेला गंज थोडे अंतर चालवल्यावर निघून जातो, तो हिशेबात धरू नका. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड असेल तर कॅलिपरचे निपल, म्हणजे हवा काढण्याचा पोकळ स्क्रू, थोडे सैल करा. ब्रेक ऑइल जोरात उडून चाक मोकळे झाले, तर दाब मागेच अडकतो आहे. होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, आतून फुगून बंद झालेला असेल, नाहीतर पेडलने दाब देणारा मास्टर सिलिंडर परत सुटत नसेल. तिथे किटचा उपयोग नाही. निपल सोडूनही चाक घट्टच राहिले, तर पिस्टन जाम आहे किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना. किनाऱ्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पिनांचे बूट (रबरी आवरणे) एकदा फाटले की पिना लवकर गंजतात. कित्येकदा पिना घासून पुसून सिलिकॉन ग्रीस लावले की काम होते. वरची आणि खालची पिन सारखी दिसली तरी एकीवर रबरी बाही असू शकते, म्हणून अदलाबदल नको.

पिस्टनच जाम असेल तर किट आणा. त्यात चौकोनी कापाचे सील, डस्ट बूट आणि बहुधा पिनांचे बूट असतात. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. पिस्टनचा व्यास मोजून घ्या, कारण एकाच गाडीत वर्षागणिक कॅलिपर बदललेला असतो. होजच्या बोल्टसाठी तांब्याचे दोन नवे वॉशरही घ्या.

गाडी सपाट जागी स्टँडवर ठेवा. चाकाला अडण म्हणून चिरा चालेल, पण गाडीखाली आधार म्हणून चिरा कधीच नको; भार आला की तो फुटतो. कॅलिपर जागेवर असतानाच होजचा बोल्ट फक्त ढिला करून पुन्हा हलका आवळा. मग कॅलिपर उतरवून पॅड काढा, होज जोडलेला असतानाच पेडल हळूहळू दाबून पिस्टन जवळजवळ बाहेर आणा. हवेच्या पंपाने काढलात तर समोर लाकडी फळी ठेवा, बोटे मुळीच नकोत. पिस्टन सुटतो तो गोळीसारखा. होज पूर्ण सोडल्यावर पेडल थोडे दाबून काठीने अडकवून ठेवा, म्हणजे टाकीतले ब्रेक ऑइल गळत नाही. पण मग ब्रेकचे दिवे पेटून राहतात, बॅटरीची तार काढून ठेवा.

जुने सील लाकडी काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने खाचेवर ओरखडा पडतो. खरी तपासणी इथेच. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे घेण्यासाठी स्प्रिंग नसते. दाबाखाली वाकलेले सीलच सरळ होताना त्याला केसभर मागे ओढते. म्हणून पिस्टनचा गुळगुळीत पृष्ठभाग आणि सीलची खाच, दोन्ही निर्दोष हव्यात. कॅलिपरमधल्या सिलिंडरच्या भिंतीवरचा बारीक डाग चालतो, खाचेतला गंज किंवा पांढरा थर नाही. पिस्टनवरून नख फिरवा. अडले तर पिस्टन नवा घ्या. खड्डा बाहेरच्या टोकाला आहे म्हणून सोडू नका. आज पॅड झिजलेले असल्याने तो भाग सीलच्या बाहेर आहे. नवे पॅड घातले की पिस्टन आत जातो आणि तोच खड्डा सीलवर येतो.

जोडताना सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून, पीळ न पडता बसवा. पिस्टन सरळ धरला तर अंगठ्याच्या दाबाने आत जातो. तिरका अडकला तर ठोकू नका, बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा. बोल्टचा ताण गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो तोच टॉर्क पान्याने द्या.

होज सोडल्यावर आत शिरलेली हवा आता निपलमधून काढायची असते, म्हणून निपल वरच्या बाजूला आहे ना, ते बघा. डावा-उजवा कॅलिपर बदलला गेला की निपल खाली जाते आणि हवा निघतच नाही. टाकी मधे कोरडी पडू देऊ नका. हवा काढून झाल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच गाडी हलवा. दोन-तीन किलोमीटर चालवून दोन्ही पुढच्या चाकांची उष्णता जवळ हात नेऊन ताडून पाहा.

प्रश्न: सील पेट्रोलने स्वच्छ केले होते. जोडल्यावर पिस्टन परत घट्ट. का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: नावात ऑइल असले तरी ब्रेक ऑइल खनिज तेल नव्हे, ते ग्लायकॉलचे असते, आणि सीलचे रबर त्याच्यासाठीच बनवलेले असते. पेट्रोल, रॉकेल, डिझेल किंवा साधे ग्रीस लागले की ते फुगते. सील पुन्हा नवे घ्या. धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पेट्रोल लागलेले भाग नीट धुऊन सुकवल्याशिवाय जोडू नका. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर न घासता लगेच भरपूर पाणी ओता.

प्रश्न: मागचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबूनही आत जात नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर: तारेने ओढला जाणारा हातब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन बहुधा दाबायचा नसतो, फिरवून आत घ्यायचा असतो. जोर लावलात तर आतली यंत्रणा मोडते. हातब्रेक इलेक्ट्रिक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. मागचा असा कॅलिपर घरी उघडू नये असे आमचे मत.

प्रश्न: ब्रेक ऑइल किती दिवसांनी बदलावे?
– एक वाचक, वास्को

उत्तर: दर 2 वर्षांनी, गाडी कमी चालली तरी. ते हवेतली ओल शोषते. डॉट 4 प्रकारचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान 230 अंश सेल्सियसला उकळते, 3.7 टक्के पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेक तापले की हा फरक पेडलखाली कळतो. मागच्या वर्षीची उघडलेली बाटली टाकीत ओतू नका.