गेर, सिरपूरचे पक्षी आणि एकच कॅमेरा

प्रश्न : यंदा शाळेतून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता स्वतःचं काहीतरी करावं म्हणून फोटोग्राफी शिकायची ठरवलंय. मुलगा म्हणतो, साधा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घे, कॅनन 1500डी सारखा, दोन लेन्सवाला. पुतण्या म्हणतो, काकू, पडला-भिजला तरी चालेल असा टफ कॅमेरा घ्या, ओएम सिस्टिमचा टीजी-7. दुकानदाराने सांगितलेल्या दोन्ही भावांत फार अंतर नाही. मला काढायचे आहेत ते फोटो असे : गेर म्हणजे रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक, पावसाळ्यातला पाताळपाणीचा धबधबा, महेश्वरचा घाट, हिवाळ्यात सिरपूर तलावावर येणारे पक्षी, आणि नात कथक शिकते, तिचे कार्यक्रम. बोटांना संधिवात आहे. कॅमेरा एकच घेणार. कोणता घेऊ?
– नी. दे., राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : बाई, डीएसएलआर घ्या. पुतण्याचा सल्ला वाईट नाही, पण त्याने तुमची यादी वाचली आणि त्याला नुसतं पाणी दिसलं. गेरीतले टँकर, पाताळपाणीचे तुषार, महेश्वरची नर्मदा. मी तीच यादी वेगळ्या हिशोबाने वाचतो. यातले कोणते फोटो तुमच्या पर्समधल्या फोनने निघणारच नाहीत?

महेश्वरचा घाट फोनने छान निघतो. पाताळपाणी दुरून निघतं, आणि पावसाळ्यात ते दुरूनच बघावं, कारण वर डोंगरात पाऊस झाला की तिथलं पाणी बघता बघता चढतं. फोनला हात टेकायला लावणाऱ्या गोष्टी दोनच : सिरपूरचे पक्षी आणि नातीचं कथक. या दोन्हींत टफ कॅमेराही हातच टेकतो.

त्याचं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. माझ्या कॅमेरा-दुरुस्तीच्या टेबलावर या जातीचा कॅमेरा उघडला की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की त्याची लेन्स बाहेर येतच नाही. आतल्या आत प्रिझमने उजेडाची वाट काटकोनात वळवलेली असते आणि झूमची सगळी भिंगं अंगातच वरखाली सरकतात. नळी बाहेर येत नाही, म्हणून पाण्याला आत शिरायला फट नाही. युक्ती उत्तम आहे. पण एवढ्याशा अंगात सगळं बसवायचं तर सेन्सरही, म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारा तुकडाही, छोटाच ठेवावा लागतो, साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा. 1500डीचा सेन्सर 22.3 बाय 14.9 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ बारापट. आजच्या कित्येक चांगल्या फोनचा मुख्य सेन्सरसुद्धा त्या टफ कॅमेऱ्यापेक्षा मोठा असतो. म्हणून कोरड्यात, चांगल्या उजेडात टफ कॅमेरा तुम्हाला फोनपेक्षा फारसं जास्त काही देणार नाही. तो घ्यायचा तो जिथे फोन न्यायची छाती होत नाही तिथल्यासाठी. तुमचं तिथे जाणं वर्षातून कितीदा होणार, ते तुम्हीच ठरवा.

आता कथक. रवींद्र नाट्यगृहासारख्या सभागृहात रंगमंचावर उजेड भरपूर वाटतो, कारण आपण काळोखात बसलेले असतो. कॅमेऱ्याला तो कमीच असतो. नात चक्कर घेत असताना चेहरा स्पष्ट हवा तर शटर, म्हणजे उजेड आत घेणारं दार, जास्तीत जास्त 1/250 सेकंदच उघडं राहायला हवं. टीजी-7चं अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं तोंड, जाहिरातीत एफ/2 दिसतं (आकडा लहान तेवढा उजेड जास्त) आणि ते खोटं नाही, पण ते झूम न केलेल्या अवस्थेतलं. पूर्ण झूम केलं की ते एफ/4.9 वर येतं, आणि त्या छोट्या सेन्सरवर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. डीएसएलआरबरोबर येणारी झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/5.6 असते, म्हणजे तीही काही दानशूर नाही. पण डीएसएलआरची लेन्स बदलता येते. कॅननची 50 मिलिमीटर एफ/1.8 ही छोटी, स्वस्त लेन्स एफ/5.6च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. ती लावा, पुढच्या रांगांत जागा धरा, आयएसओ 1600 ते 3200 ठेवा आणि फ्लॅश बंद. फ्लॅशचा उजेड एवढ्या लांब पोचत नाही, नाचणाऱ्या मुलींचे डोळे मात्र दिपतात. चक्कर संपून सम आली की नर्तकी क्षणभर थांबते. बटण तिथे दाबायचं. तुम्ही नातीचा रियाझ रोज ऐकता, सम कधी येणार हे तुम्हाला आधी कळेल. माझ्यासारख्याला ते अगदी समोर बसूनही जमलं नसतं.

सिरपूरचं गणित तर आणखी सोपं. टफ कॅमेऱ्याचं झूम जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या मापात 100 मिलिमीटरपर्यंतचं (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). डीएसएलआरच्या दोन लेन्सवाल्या किटमधली 55-250 मिलिमीटरची लेन्स त्याच मापात 400 मिलिमीटरची होते, कारण कॅननच्या या सेन्सरवर 1.6ने गुणायचं असतं. लांबीत चौपट फरक. सिरपूरला 2022 मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, त्याच वर्षी आपल्या यशवंत सागर तलावालाही मिळाला. दोन्हीकडे पक्षी काठाला चिकटून बसत नाहीत. टफ कॅमेऱ्यात बदक हा एक ठिपका येतो, तो बदकाचा की प्लास्टिकच्या पिशवीचा हे घरी आल्यावर ठरवावं लागतं. शिवाय डीएसएलआरमध्ये आरशातून थेट भिंगातलं दृश्य दिसतं. डोळा लावला की उन्हात स्क्रीन दिसत नाही ही तक्रार उरत नाही, आणि उडणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवणं सोपं जातं. 400 मिलिमीटरलाही पक्षी चित्रभर येणार नाही हे आधीच सांगतो. पण पाणी, पाणकणसं आणि त्यात एक पक्षी, असा फोटो मला चोचीच्या क्लोजअपपेक्षा केव्हाही जास्त आवडतो. यशवंत सागरच्या बाजूला सारसाची जोडी दिसली तर सूर्य पाठीशी घ्या आणि घाई करू नका.

उरली गेर. इथे पुतण्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि इथे मी जरा लांबण लावणार, कारण रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर काय काय येतं ते मला माहीत आहे. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स, झूम करताना नळी पुढे सरकते, आणि सरकताना आत हवा ओढते. राजवाड्याच्या चौकात त्या हवेत गुलाल असतो. तो झूमच्या रिंगखाली जाऊन बसतो. आधी गुलाबी रेघ दिसते, मग रिंग फिरवताना करकर ऐकू येते, आणि वरून टँकरचं पाणी पडलं असेल तर त्याची खळ होऊन दुसऱ्या दिवशी रिंग हलतच नाही. कोणी गर्दीत लेन्स बदलली असेल तर आरशावर, फोकसिंग स्क्रीनवर, सेन्सरच्या काचेवर सगळीकडे तेच. एंट्री लेव्हल डीएसएलआरला पाण्या-धुळीपासून संरक्षण नसतं. हे नीट समजून घ्या, विक्रेता यावर बोलायचं टाळतो.

तर गेरीच्या मिरवणुकीत, रस्त्यावर, डीएसएलआर नेऊ नका. मार्गावर ओळखीचं घर शोधा. जुन्या इंदुरात आपल्या माणसांची ओळख निघत नाही असं होत नाही. वरच्या मजल्यावर, खिडकीच्या आत उभं राहा, गॅलरीच्या कठड्यावर नको, कारण गुलाल उडवणाऱ्या तोफा मजले ओलांडून जातात. लांब लेन्स घरूनच लावून न्या आणि दिवसभर ती काढू नका. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर घाला, लेन्सच्या तोंडापुरतं भोक पाडून रबरबँड लावा, समोर साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्स झाकणारी पारदर्शक काच. वरून गर्दीचं पात्र दिसतं, त्यात गुलालाचे ढग, आणि लांब लेन्समुळे एखादा रंगलेला चेहराही उचलता येतो. खाली गर्दीत उभ्या असलेल्याला हे दिसतच नाही. खाली उतरायचंच असेल तर फोन, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात. घरी आल्यावर कॅमेरा आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं लावलंत की गुलालाचा लगदा होऊन फटींत उतरतो.

बोटांचं राहिलं. टफ कॅमेऱ्याची बटणं बारीक असतात आणि बॅटरीचं दार दुहेरी खटक्याचं, मुद्दाम घट्ट. संधिवाताच्या बोटांना त्याचा त्रास होईल. डीएसएलआर जड, बॉडी बॅटरीसह 475 ग्रॅम आणि लांब लेन्स धरली तर नऊशेच्या आत-बाहेर, पण त्याला मूठ भरेल अशी पकड असते आणि डावा तळहात लेन्सखाली देता येतो. तरी दुकानात दहा मिनिटं हातात धरून उभं राहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

मुलाला एक सांगा. कंपन्यांचं लक्ष आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलंय. निकॉनचा डी3500 हा चांगला सुरुवातीचा डीएसएलआर होता, त्याचं उत्पादन बंद झालं. घाबरायचं कारण नाही. कॅननचं ईएफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जागा, 1987 पासूनचं आहे, तेव्हापासूनच्या ईएफ लेन्स 1500डीवर बसतात, आणि हौशी लोक मिररलेसकडे वळल्यामुळे वापरलेल्या लेन्स बऱ्या भावात सुटतायत. निकॉनचा जुना डीएसएलआर कोणी स्वस्तात देऊ केला तर एवढं बघा : डी3500 सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो. संधिवातात तो उद्योग नको.

प्रश्न : मी 62 वर्षांचा. कार्तिकात ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमा उचलणार आहे. जावई स्वतःचा डीएसएलआर देतोय, फुकट. न्यावा का?
– वि. गो., सुदामानगर, इंदूर

उत्तर : नर्मदे हर! नेऊ नका. जावयाचे आभार माना आणि टफ कॅमेरा विकत घ्या. वरच्या बाईंना मी नेमकं उलटं सांगितलं, ते वाचून चकित होऊ नका. त्या घरी परत येऊन बॅटरी चार्ज करणार आहेत, तुम्ही नाही.

तुम्हाला अडवणार ते वजन आणि वीज. टीजी-7 अडीचशे ग्रॅमच्या आसपास, कमरेच्या पाऊचमध्ये राहतो, आणि यूएसबी-सीच्या वायरने पॉवर बँकवर चार्ज होतो, तीच वायर बहुतेक फोनला चालते. जावयाच्या डीएसएलआरला बहुधा वेगळा चार्जर आणि भिंतीतला सॉकेट लागेल, आणि आश्रमात एका सॉकेटवर किती मूर्ती, म्हणजे परिक्रमावासी, रांगेत असतात ते जाऊन आलेल्यांना विचारा. टफ कॅमेऱ्यात जीपीएसही असतं, चाललेल्या वाटेची नोंद ठेवतं. पण ते दिवसभर चालू ठेवलंत तर बॅटरी खातं, मुक्कामाला पोचल्यावर आणि निघताना लावलं तरी पुरे.

फोटोंचं म्हणाल तर पहाटेचा घाट, धुनी, सदाव्रत देणारी माणसं, पायांना आलेले फोड, हे सगळं जवळून काढायचं असतं. जवळून हा कॅमेरा तरबेज आहे, अगदी सेंटिमीटरभर अंतरावरून फोकस करतो. दगडावरची शेवाळं काढून बघा.

पाण्यात टाकला तरी चालतो म्हणून गाफील राहू नका. कंपनी 15 मीटर खोलीपर्यंत हमी देते ती दार नीट बंद असेल तरच. दाराच्या आत एक रबराची कडा असते. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला की तेवढ्या वाटेने पाणी आत येतं. माझ्याकडे पाणी शिरलेले जे टफ कॅमेरे येतात त्यांत काच फुटलेला सहसा नसतो, कडेवर काहीतरी चिकटलेलं असतं. म्हणून नदीकाठी दार उघडायचं नाही. मुक्कामी, कोरड्या हाताने, कॅमेरा पुसून, मगच. ती कडा वर्षाला बदलून घ्यायची असते. नर्मदा समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेने जाल तेव्हा खाऱ्या पाण्याचे तुषार बसणार. पलीकडे उतरल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात, दार बंद ठेवून, कॅमेरा थोडा वेळ बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. मीठ वाळून बसलं की बटणं चिकटतात.

दोन जादा बॅटऱ्या आणि दोन छोटी कार्डं घ्या, एक मोठं नको. एक कार्ड भरलं की वाटेतल्या एखाद्या मोठ्या गावातून घरी कुरिअर करा.

प्रश्न : टफ कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा, डीएसएलआर 24चा. म्हणजे डीएसएलआर दुप्पट चांगला ना?
– एक विद्यार्थी, महू

उत्तर : नाही रे भिया. 12 मेगापिक्सेल म्हणजे 4000 बाय 3000 ठिपके. त्यातून 13 बाय 10 इंचाची खणखणीत प्रिंट निघते. तुझ्या घरात त्याहून मोठी फ्रेम भिंतीवर आहे का ते आधी बघ. फरक पडतो तो वर बाईंना सांगितलेल्या सेन्सरच्या आकाराने. दुकानात गेलास की दोन्ही कॅमेऱ्यांनी काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा एकेक फोटो काढ, फ्लॅश न लावता, आणि दोन्ही कार्डं घरी कॉम्प्युटरवर उघड. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठ.