मोबाईल आणि ओटीटीमुळे कोल्हापुरात रोजचं जगणं आणि करमणूक किती बदलली?

बरीच. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वर्ष-दीड वर्षात आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर माना खाली गेल्या.

आमच्या वडिलांचंच बघा. उभी हयात खासबाग मैदानात कुस्त्या बघण्यात गेली. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, कुठंही बसा, लाल माती दिसतेच. आता गुडघे दुखतात, म्हणून सकाळी यूट्यूबवर कुस्ती लावतात. डाव निसटला की बोटानं मागं घेऊन परत बघतात आणि "आरं, पट काढ की!" म्हणून मोबाईलवरच ओरडतात. चहा गार. आईची वेगळी तऱ्हा, तिची मालिका आता टीव्हीच्या वेळेची वाट बघत नाही. भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो. त्यामुळं रिमोटवरची भांडणं संपली, पण एकत्र बसणंही गेलं. हे मला खटकतं.

भाजीवालीकडंही यूपीआय आहे, त्यात नवल राहिलं नाही.

सगळे घरात बसले असं मात्र नाही. पेठांचा फुटबॉल सामना मोबाईलवर थेट दिसतो, तरी शाहू स्टेडियम भरतंच. फक्त गोल झाला की निम्मे लोक आधी फोन वर करतात, मग शिट्टी मारतात.