अलास्का की कॅरिबियन : आधी पासपोर्ट उघडा, मग हवामान पाहा

तुमचा प्रश्न वाचला आणि २०१७चा ऑगस्ट पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमचे आई-बाबा पुण्याहून आले आहेत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहणार आहेत आणि त्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-टू म्हणजे पर्यटकांचा व्हिसा आहे. तुम्ही दोघे एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहात आणि पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत मात्र संपलेली आहे. अशा परिस्थितीत जहाजाच्या सहलीसाठी (क्रूझसाठी) ऑगस्टअखेरीस सिएटलहून अलास्काला जावे की सप्टेंबरमध्ये मायामीहून कॅरिबियनला, असे तुम्ही विचारले आहे. आतापर्यंतच्या उत्तरांत थंडी, स्वेटर, समुद्रकिनारे आणि दर यांची भरपूर चर्चा झाली, पण व्हिसाचा शब्द कोणीही काढला नाही. नेमक्या त्याच शब्दाने आमची सहल बुडवली होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी वकील नाही. जे लिहिते ते अनुभवावरून आणि त्यानंतर खाल्लेल्या ठेचेमुळे केलेल्या वाचनावरून. नियम बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन्ही देशांची सरकारी संकेतस्थळे स्वतः वाचावीत.

आमचीही तीच रचना होती. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, आणि सासूबाई चिपळूणहून आले होते. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी सात रात्रींची अलास्काची फेरी आम्ही एका प्रवास कार्यालयामार्फत घेतली. दूरध्वनीवर मी स्वतः विचारले होते की, आई-वडिलांचा पासपोर्ट भारतीय आहे, आणखी काही लागेल का? पलीकडून उत्तर आले की ही ‘क्लोज्ड लूप’ फेरी आहे, म्हणजे जिथून निघते तिथेच परत येते, त्यामुळे काहीही लागत नाही. लोक तर नुसत्या जन्मदाखल्यावर आणि ओळखपत्रावर जातात. हे वाक्य खोटे नव्हते. पण ते फक्त अमेरिकी नागरिकांपुरते खरे होते, आणि तेवढे सांगण्याची तसदी त्या कार्यालयाने घेतली नाही. मीही पुढे विचारले नाही, कारण दहा वर्षांचा व्हिसा हाती असला की आपल्याला वाटते, जग जिंकले.

बंदरावरच्या तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी नानांचा पासपोर्ट घेतला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला, पुन्हा उलटा चाळला आणि विचारले, “कॅनडाचा व्हिसा कुठे आहे?” मी हसून म्हटले की आम्ही अलास्काला चाललो आहोत, कॅनडाला नाही. त्यांनी फेरीचा कागद माझ्याकडे फिरवला आणि सहाव्या दिवसाच्या ओळीवर पेनाचे टोक ठेवले : व्हिक्टोरिया, सायंकाळी सात ते रात्री अकरा. चार तास, तेही बरेचसे अंधारात. आम्ही जहाजावरून उतरणारच नाही, खोलीत बसून राहू, असे मी सांगून पाहिले. उतरा अथवा उतरू नका, जहाज कॅनडाच्या बंदरात शिरते तेव्हा तुम्ही त्यावर असता, एवढेच त्या शांतपणे म्हणाल्या. माझ्याकडे आणि नवऱ्याकडे ग्रीन कार्ड होते, त्यामुळे आम्हाला कॅनडाच्या व्हिसाची गरज नव्हती, आणि मुले इथलीच नागरिक. म्हणजे आम्ही चौघे जाऊ शकत होतो आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ते दोघे तेवढे जाऊ शकत नव्हते. सासूबाई लगेच म्हणाल्या, “तुम्ही मुलांना घेऊन जा गं, आम्ही हॉटेलात राहतो आठ दिवस, काय त्यात!” नाना काहीच बोलले नाहीत. चिपळूणहून मुद्दाम आणलेली माकडटोपी त्यांनी हातात घडी करून धरली होती, ती सावकाश पिशवीत ठेवली.

आम्ही कोणीच गेलो नाही. सहा जणांच्या भाड्यापैकी फक्त बंदराचे कर आणि शुल्क परत मिळाले. कार्यालयाला दूरध्वनी केला, तेव्हा आरक्षणाच्या पत्रातील तळाची बारीक अक्षरातील ओळ मला वाचून दाखवण्यात आली की प्रवासाची कागदपत्रे ही सर्वस्वी प्रवाशाची जबाबदारी आहे. नंतर तीन पत्रे लिहिली; पहिल्या दोन्हींना तेच छापील उत्तर आले आणि तिसऱ्याला तेही नाही. आता राग शमला आहे, पण जिथे दूरध्वनीवर तोंडी उत्तर मिळते आणि लेखी मागितले की आवाज बदलतो, तिथे मी पैसे भरत नाही.

हा व्हिक्टोरियाचा थांबा फेरीत का असतो, हे कळले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. मोठी जहाजे बहुतेक बहामा किंवा पनामा अशा देशांत नोंदलेली असतात, आणि अमेरिकेच्या १८८६च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. (पुष्कळ जण याला जोन्स कायदा म्हणतात, तो १९२०चा आणि मालवाहतुकीचा, हा वेगळा.) सिएटल अमेरिकेत आणि अलास्काही अमेरिकेत, म्हणून कायद्याची पूर्तता करण्यासाठी कॅनडाचे बंदर. करोनाच्या काळात कॅनडाने आपली बंदरे बंद केली, तेव्हा २०२१मध्ये अमेरिकी संसदेला तात्पुरती सूट देणारा वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा कुठे ती जहाजे निघाली. सारांश असा की मोठ्या जहाजाने अलास्का म्हटले की कॅनडा आलाच. अमेरिकी नोंदणीच्या छोट्या बोटी थेट अलास्कातल्या जूनोहून सुटतात, पण त्यांचे दर ऐकले की कॅनडाचा व्हिसा स्वस्त वाटू लागतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्या बाबतीत उत्तर आणि दक्षिण यांतला खरा फरक तापमानाचा नाही. एच-वनचा शिक्का संपलेला असला, पण आय-९४ची (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत शिल्लक असली, तर तीस दिवसांपर्यंतच्या प्रवासासाठी केवळ कॅनडा किंवा मेक्सिको येथे जाऊन नवा शिक्का न घेता परत येण्याची सवलत आहे. कॅरिबियन बेटांसाठी ही सवलत एफ आणि जे (विद्यार्थी आणि विनिमय कार्यक्रमांच्या) व्हिसाधारकांना आहे, एच-वनवाल्यांना नाही. म्हणजे मायामीहून बहामा किंवा जमैकाला जाणारी फेरी तुमच्या आई-बाबांना कदाचित सहज जमेल, पण परतताना तुम्ही दोघेच अडकाल; आमच्या घरात घडले त्याच्या अगदी उलट. केवळ मेक्सिकोची बंदरे घेणारी फेरी त्या सवलतीत बसते, मात्र मेक्सिको आपल्याला व्हिसातून सूट देतो ती अमेरिकेचा वैध व्हिसा दाखवल्यावर, आणि तुमचा तर संपलेला आहे, म्हणजे तिथे वेगळा व्हिसा आला. कॅनडाचाही व्हिसा तुम्हा चौघांना लागेलच, पण तो इथे बसून ऑनलाइन मागता येतो : माणशी १०० कॅनेडियन डॉलर शुल्क, बोटांच्या ठशांचे ८५, ठसे अमेरिकेतल्याच केंद्रात देता येतात, आणि नशिबाने साथ दिली तर तो पासपोर्टच्या मुदतीनुसार दहा वर्षांपर्यंतचाही मिळतो. प्रवासात एच-वनचे मंजुरीपत्र, आय-९४ची प्रत आणि त्या सवलतीच्या नियमाची छापील प्रत जवळ ठेवा, कारण बंदरावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ती सवलत माहीत असतेच असे नाही. आणि या तीस दिवसांत अमेरिकेच्या नव्या शिक्क्यासाठी तिकडे अर्ज करू नका; केलात तर ती सवलत संपते. आई-बाबांच्या बाबतीत एवढेच की, जहाजातून परत आल्यावर त्यांचे सहा महिने नव्याने मोजले जातील, अशी आशा धरू नये.

हवामानाचा विचार केला तरी माझा कौल उत्तरेलाच आहे, आणि यात माझा पक्षपात आहे हे आधीच मान्य करते. कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. त्या महिन्यातले दर उतरलेले दिसतात ते काही उगाच नाही. जहाज बुडण्याची भीती नसते, ते वादळाला वळसा घालून जाते, पण तुम्ही ज्या बेटासाठी पैसे मोजले त्याऐवजी भलत्याच बंदरात उतरता किंवा चार दिवस नुसते पाणी पाहता. त्यातून तिथला सप्टेंबर म्हणजे तीस-एकतीस अंश आणि घामाच्या धारा, थोडक्यात मुंबईचा ऑक्टोबर. आम्ही नाना आणि सासूबाईंना २०१८च्या डिसेंबरमध्ये मायामीहून नेले, तेव्हा हवा सुरेख होती. मेक्सिकोतल्या कोझुमेलचा काचेसारखा निळा समुद्र पाहून सासूबाई हरखून गेल्या, पण नानांनी वाळूत दोन पावले टाकून विचारले, “गुहागरला आणि वेगळे काय आहे?” कोकणात जन्म काढलेल्या माणसाला नारळ आणि वाळू दाखवायला विमान, जहाज आणि इतके डॉलर का खर्चावेत, याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते. तुमचे आई-बाबा पुण्याचे असल्याने त्यांचे मत वेगळे पडू शकेल. हिवाळ्यात येणाऱ्यांना, लहान मुले असणाऱ्यांना आणि पोहण्याची हौस असणाऱ्यांना मी दक्षिणच सुचवेन.

अलास्काच्या थंडीचा मात्र उगाच बाऊ केला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये जूनोला दुपारी सोळा ते अठरा अंश असतात. महाबळेश्वरची जानेवारीतली सकाळ सोसणाऱ्याला हे सहज सोसते. त्रास होतो तो पावसाचा. तिथल्या केचिकन बंदराला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाइतका, फक्त तो चार महिन्यांत कोसळत नाही तर वर्षभर रिपरिपतो, आणि ऑगस्टअखेरीपासून वाढत जातो. तेव्हा जाड स्वेटरपेक्षा चांगले रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही.

२०२३च्या जूनमध्ये, कॅनडाचे व्हिसा पासपोर्टवर चिकटलेले पाहूनच आम्ही आरक्षण केले आणि सिएटलऐवजी व्हँकूव्हरहून निघालो. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे : सिएटलची जहाजे बहुधा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या महासागरातून जातात, तर व्हँकूव्हरची बेटाच्या आतल्या शांत पाण्यातून. सासूबाईंनी आलेपाकाचा डबा बरोबर घेतला होता, तो तसाच परत आला. मात्र तुमच्यासाठी एक धोक्याची सूचना : व्हँकूव्हरहून निघायचे तर आधी कॅनडात शिरावे लागते आणि अमेरिकेची तपासणी तिथल्याच बंदरावर होते, म्हणजे संपलेल्या शिक्क्याचे स्पष्टीकरण तुम्हाला जहाजावर चढण्याआधी, घड्याळाकडे पाहत द्यावे लागेल. त्यामुळे तुम्ही सिएटलच निवडलेत तर मी चूक म्हणणार नाही.

फेरी निवडताना जहाजावरच्या घसरगुंड्या मोजण्यापेक्षा ते ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जाते का, हे पाहा. तिथे दिवसाला केवळ दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश असतो. मार्जरी हिमनदीसमोर आमचे जहाज इंजिन मंद करून तासभर थांबले आणि सावकाश स्वतःभोवती फिरले, त्यामुळे कोणत्या बाजूची खोली घ्यावी हा वाद निरर्थक आहे. बाल्कनी मात्र घ्यावी, कारण वरच्या डेकवरच्या वाऱ्यात वयस्कर माणसे दहा मिनिटांच्या वर उभी राहू शकत नाहीत. नाना ती माकडटोपी घालून, खुर्चीत बसून पाहत होते. बर्फाचा एक कडा आधी निःशब्द निसटला, पाण्यात पडला आणि मग थोड्या वेळाने आवाज आला, लांब कुठेतरी वीज कडाडावी तसा. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मधले सेकंद मोजले आणि अंतर किती असेल ते नातवाला तोंडी गणिताने काढून दाखवले. शाळामास्तर होते ते.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात सोन्याच्या शोधाच्या काळात, १८९८ ते १९०० या वर्षांत बांधलेली डोंगरातली रेल्वे आहे. ती जरूर घ्या, पण घाटमाथ्यावरून परत फिरणारी. पुढे कॅनडाच्या हद्दीतल्या स्थानकापर्यंत जाणारी घेतलीत तर पुन्हा पासपोर्ट-व्हिसाचा प्रसंग उभा राहतो. आणि आई-बाबांसाठी इथे घेतलेला आरोग्यविमा जहाजावर व कॅनडात चालतो का, हे लेखी विचारून ठेवा, कारण जहाजावरचा डॉक्टर बिल थेट तुमच्या खोलीच्या खात्यावर टाकतो. साध्या तापाचे आमचे बिल पाहून मलाच ताप आला होता.

ऑगस्टअखेरीची फेरी असेल तर उरलेली रक्कम भरण्याची तारीख साधारण नव्वद दिवस आधीची, म्हणजे मेअखेरीची असेल. व्हिसाचे अर्ज या आठवड्यात करा, आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधीपर्यंत चारही पासपोर्टांवर कॅनडाचा व्हिसा लागलेला नसेल, तर ‘येईलच हो’ असे कोणी कितीही सांगितले तरी फेरी रद्द करून अनामत सोडवून घ्या.